कापशाचा गुडघा

कापशाच्या छातीला स्टेथोस्कोप लावला तेव्हा मला ऐकू आलं ते डीजेचं गाणं. बैलाचं काळीज कुठे धडधडतंय आणि स्पीकर कुठे, काही पत्ता लागेना. "अहो, ते बंद करा!" मी हात वर करून ओरडले. शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या मालकांनी, विक्रमशेठ सस्त्यांनी, हसून मान डोलावली. त्यांना वाटलं, मॅडमना गाणं आवडलं.

त्या दिवशी कापशाचा वाढदिवस होता. गोठ्याच्या दारात टेबल मांडून भलामोठा केक ठेवला होता, आणि रस्त्याकडेला फ्लेक्स लावला होता. फ्लेक्सवर मधोमध गॉगल घातलेले विक्रमशेठ होते आणि वाढदिवस ज्याचा होता तो बैल खाली कोपऱ्यात, मोबाईल नंबराशेजारी. बैलगाडी शर्यतींवरची बंदी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. बंदी उठल्या उठल्या माण-खटावच्या त्या पट्ट्यात खिलार बैलांचे भाव चढले आणि त्यांच्या मालकांच्या माना ताठ झाल्या. मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गुरांची डॉक्टर म्हणून नवीनच रुजू झाले होते, आणि कातळवाडीचा कापशा हा माझा सगळ्यात मानाचा पेशंट होता. मानाचा, म्हणजे दवाखान्यात न येणारा. त्याच्याकडे आपण जायचं.

दुखणं तसं साधं होतं. दिवाळीच्या आधी एका मैदानात पळताना तो घसरला आणि पुढचा गुडघा सोलवटला. असली जखम पंधरवड्यात भरून यायला हवी. कापशाची जखम संक्रांत आली तरी ओली होती. मी दिलेलं एक औषध संपलं, दुसरं संपलं, आणि आता तर मानेवर गजकर्णाचे चट्टे उठायला लागले होते. एवढा तरणाबांड बैल, खुराकाला अंडी, तूप, उडदाची डाळ, आणि अंगात एक साधा गुडघा भरून काढायची ताकद नव्हती.

"फोटोत या की मॅडम," विक्रमशेठ माझ्या कानाशी ओरडले.

"मी ड्रेसिंग करायला आलेय."

"त्याचाच फोटो काढू."

मी खाली बसले. गोठा कसला, लग्नाचं कार्यालयच ते. भिंतींना फरशी, जमिनीला फरशी, वर रंगीत दिवे, कोपऱ्यात कॅमेरा. बैलाला दोन्ही बाजूंनी आखूड बांधलेलं. त्याचे खूर गुळगुळीत फरशीवर सरकत होते आणि तो चारही पाय ताठ करून उभा होता, डोळ्यांचं पांढरं दिसेल इतके डोळे ताणून. माणसं येत होती, त्याच्या वशिंडावर हात टाकून सेल्फी काढत होती, जात होती. मी गुडघा धुऊन पट्टी बांधेपर्यंत तो एकदाही रवंथ करताना मला दिसला नाही.

तेवढ्यात गाणं मध्येच थांबलं आणि म्हातारीचा आवाज कानावर आला. "तू हितं कशाला आलीस? किती येळा सांगायचं?"

ही आक्का, विक्रमशेठची आई. कुंपणाच्या पलीकडे एक बाई कडवळाची पेंढी घेऊन उभी होती. पस्तिशीची असेल, अंगानं काटकुळी, कपाळ मोकळं. डाव्या तळहाताला चिंधी गुंडाळलेली.

"वैरण टाकायला आलते, आक्का."

"टाक तिथंच, आन जा. बघू नगंस त्याच्याकडं."

तिनं पेंढी कुंपणावरून आत सोडली आणि खाली बघतच मागे फिरली. कापशानं मात्र मान वळवता येईल तेवढी वळवली, दावं ताणलं, आणि तिच्या पाठीकडे बघत हंबरला. लगेच पुन्हा गाणं सुरू झालं.

"कोण या?" मी विचारलं.

"वहिनी. माझ्या थोरल्या भावाची बायको, शालन." विक्रमशेठ आवाज खाली आणत म्हणाले, "दत्तूदादा दीड वर्षामागं वारला. मॅडम, तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला पटायचं नाही. पण जखम का भरत नाही, ते आम्हाला कळलंय. देवऋषाला विचारलंय आम्ही. घरातल्याच पांढऱ्या कपाळाची नजर आहे म्हणाला."

मी वर बघितलं. "म्हणजे त्यांची?"

"आता घरात दुसरं कोण आहे तसं?" ते इतक्या सहज बोलले, जसं काही घरात दुसरा ट्रॅक्टर कुठाय असं कुणी विचारलं होतं. आक्काही विधवाच होती, पण ती मालकाची आई; तिच्या कपाळाचा हिशेब देवऋषानं धरला नव्हता.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी फरशीवर उकिडवं बसल्या बसल्या कळलं. पण नवी नोकरी, आजूबाजूला केकवर ताव मारणारे पन्नास लोक. मी इंजेक्शन टोचलं, रक्ताचा नमुना घेतला आणि बॅग उचलली.

जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून रिपोर्ट आला, तो मी दोनदा वाचला. जंतूंनी धुमाकूळ घालावा असं काही नव्हतं. किडनी, लिव्हर ठणठणीत. पण पांढऱ्या पेशींचं गणित बिघडलेलं होतं. ज्या पेशी रोगाला ओळखतात आणि लक्षात ठेवतात त्या कमी झालेल्या, आणि दुसऱ्याच जातीच्या पेशी रक्तात नुसत्या फिरत राहिलेल्या. कॉलेजात हे चित्र आम्हाला तोंडपाठ करून घेतलं होतं. हे भ्यालेल्या जनावराचं रक्त होतं. एका दिवसाच्या भीतीचं नव्हे, महिनोन् महिन्यांच्या.

मी रिपोर्ट घेऊन कातळवाडीला गेले. विक्रमशेठ बाहेर गेले होते, म्हणून घराच्या मागच्या बाजूला गेले. तिथे जुनं छप्पर होतं, खाली मुरूम, वर पाचट. शालनवहिनी एका म्हाताऱ्या गाईला पाणी पाजत होत्या. कापशासारखीच पांढरीशुभ्र गाय, शिंगांचा बाकही तोच.

"ही पवळी," त्या म्हणाल्या. "कापशाची आई. हितंच जन्मला तो, ह्या मेढीपाशी. मालक व्हते तवर हितंच ऱ्हायचा."

"मग तिकडे कधी नेला?"

"मालकांचं दिवस झालं आन लगेच भावजींनी त्यो गोठा बांधला. रस्त्याला दिसाय पायजे ना." त्या जराशा हसल्या. "पैल्यांदा रोज रातीचं हंबरायचा. मग मी जाऊन हुबी ऱ्हायची घटकाभर. गप बसायचा. आता मला बी बंदी हाय."

"हाताला काय झालं?"

"इळा लागला."

"कधी?"

"दिवाळीत. झालं की बरंच दिस." त्यांनी हात पदराखाली घेतला.

"बघू."

"आवं मॅडम, बैल बघायला आलाय न्हवं? बैल बघा."

मी बॅगेतली मलमाची डबी काढून मेढीच्या बेचक्यात ठेवली. "हे लावत जा."

"कापशाला?"

"तुम्हाला!"

त्यांना त्याचं नवलच वाटलं. मी म्हटलं, "चला माझ्याबरोबर. आत्ता गोठ्यात कुणी नाही. मला एक गोष्ट बघायची आहे."

त्या नको नको म्हणत होत्या, पण पाय चालायला लागले होते. कॅमेऱ्याकडे बघून त्यांनी पदर पुढं ओढला आणि कापशाजवळ जाऊन त्याच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवायला लागल्या. तोंडानं हलकं "हो बाबा, हो बाबा" चाललेलं. मी स्टेथोस्कोप लावून बसले. आधी ठोके वाजत होते ते कुणीतरी मागे लागल्यासारखे. हळूहळू ते उतरत गेले. ताठ कान सैल झाले. मग गळ्यातून एक घास वर आला, आणि त्या फरशीच्या गोठ्यात मी पहिल्यांदा कापशाला रवंथ करताना पाहिलं.

"आगं ए सटवे!" दारात आक्का उभी होती. "बैल मारतीस का आता माझा?"

मी मध्ये पडले. मीच आणलं त्यांना, म्हणून सांगितलं. पण आक्का माझ्याकडे बघतच नव्हती. शालनवहिनी बाहेर निघून गेल्या. संध्याकाळी विक्रमशेठचा फोन आला. आवाज गोड होता. "मॅडम, कॅमेऱ्यात बघितलं आम्ही. तुमचा दोष नाही, तुम्हाला आमच्यातलं माहीत नाही. पण आता विषय संपवलाय. वहिनींच्या भावाला निरोप धाडलाय. रविवारी शर्यतीचं मैदान आहे, त्याच्या आधी ती शिवेपलीकडं गेली पाहिजे, असं देवऋषानं सांगितलंय. तुम्ही फक्त एक भारीतलं इंजेक्शन तेवढं घेऊन या."

शुक्रवारी मी गेले. इंजेक्शन नेलं नाही, रिपोर्ट नेला.

गोठ्यासमोर चावडी भरावी तशी माणसं जमली होती. मैदानाची तयारी बघायला आलेले होते, शालनवहिनी जाणार हे कळल्यावर रेंगाळलेले होते. त्यांचा भाऊ अंकुश पिकअप घेऊन आला होता आणि गाडीला टेकून, बुटाकडे बघत उभा होता. बहीण लग्न होऊन आली ते घर तिला असं घालवून देत होतं, आणि त्याच्या तोंडातून ब्र निघत नव्हता. गोठ्यात कापशा खाली बसला होता. दोघंजण दाव्याला ओढत होते, तिसरा शेपटी पिरगाळत होता, तरी तो उठत नव्हता.

"मॅडम आल्या," विक्रमशेठ म्हणाले. "द्या इंजेक्शन."

"ह्याला इंजेक्शन नाही. हा भ्यालेला आहे."

दोघेचौघे हसले. विक्रमशेठही हसले. "बैलाला कसलं टेन्शन? त्याला काय ट्रॅक्टरचे हप्ते भरायचेत?"

मग मी बोलले. त्या आधी आणि नंतरही इतकं मी कुणाला सुनावलेलं नाही. म्हटलं, "हे बघा, माणूस काय आणि बैल काय, किडनीच्या वर एक बोटभर गाठ असते. भीती वाटली की ती एक रस सोडते. गावात आग लागली की गवंडी, सुतार, सगळे हातातलं काम टाकून बादल्या घेऊन पळतात ना? तो रस तेच करायला लावतो. पळा आधी, जखमा नंतर भरू, रोगाशी नंतर लढू. तासाभराचं काम असेल तर त्यानं जीव वाचतो. पण आग रोजच लागत असेल तर? घर कोण बांधणार? ह्याच्या पाठीमागे तुम्ही रोज आग लावताय. पाय ठरत नाही अशी फरशी, डोक्यावर दिवे, कानात डीजे, ओळखीचं एक माणूस नाही, आपल्या जातीचं एक जनावर नाही. ह्याच्या अंगातले गवंडी बादल्या घेऊनच उभे आहेत. गुडघा भरायला माणूस शिल्लक नाही."

हसणं थांबलं होतं. विक्रमशेठनी कानामागं खाजवलं. "मग ह्याच्यावर काय गोळी बिळी?"

"फरशी उखडा. डीजे बंद करा. ह्याला मागच्या छपरात, आईशेजारी बांधा. आणि ज्या बाईला तुम्ही हाकलताय, तिलाच त्याच्याजवळ राहू द्या. तिच्या हाताखाली त्याचे ठोके उतरतात. मी माझ्या कानानं ऐकलंय."

"ते सोडून सांगा."

"ते सोडून सांगू?" माझा आवाज चढला. शालनवहिनी बोचकं घेऊन पायरीवर उभ्या होत्या. मी गेले, त्यांचा डावा हात धरला आणि चिंधी सोडली. त्यांनी हात ओढून घ्यायचा प्रयत्न केला, पण मी सोडला नाही. तळहातावर आडवी, लाल, कडा सुजलेली जखम होती. आतून ओली.

"बघा सगळे! हा विळा दिवाळीत लागलाय. बैलाचा गुडघा फुटला त्याच सुमाराला. ही जखमही भरलेली नाही. बैलाचं रक्त मी जिल्ह्याला पाठवलं. हिचं कुणी पाठवलं? हिला कुणाची नजर लागलीय मग? नवरा गेला, त्या दिवसापासून बघू नको, येऊ नको, हात लावू नको. पाण्याचा तांब्या उचलला तरी धास्ती. दीड वर्ष हिच्या मागं आग लावलीय तुम्ही, आणि वर हिलाच विचारताय, जखमा का भरत नाहीत?"

विक्रमशेठ एक पाऊल पुढे आले. गोडवा संपला होता. "मॅडम, तुम्ही जनावरांच्या डॉक्टर. जनावरांचं बघा. माणसांचं आमचं आम्ही बघतो."

"बघताय ते दिसतंयच की," मी म्हटलं. पण खरं सांगते, माझं बळ तिथेच संपलं. मला वाटलं होतं की रक्ताचा रिपोर्ट आणि ती जखम शेजारी शेजारी ठेवली की लोकांना लाज वाटेल. काहींना वाटलीही असेल, पण ते मूग गिळून उभे होते. अंकुशनं गाडीचं फाळकं उघडलं.

"मॅडम, जाऊ द्या," शालनवहिनी म्हणाल्या. त्यांनी चिंधी पुन्हा गुंडाळली, दातांनी गाठ मारली. "जाते मी. मला बी हितं ऱ्हायाची हौस न्हाय. पर मोकळ्या हातानं जायाची न्हाय."

"काय पायजे, वहिनी? भांडी न्यायची तर न्या," विक्रमशेठ उदार होऊन म्हणाले.

"माझं आंदण."

असं म्हणून त्या घराच्या मागे गेल्या आणि पवळीला सोडून घेऊन आल्या. म्हातारी गाय लोकांमधून शांत वाट काढत गोठ्यासमोर येऊन थांबली.

"ही गाय माझ्या बापानं लग्नात आंदण दिली," शालनवहिनी म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचला. "आंदणाची गाय लेकीची. तिचं वासरू बी लेकीचं. कापशा हिच्या पोटचा हाय. नेते मी."

आता मात्र विक्रमशेठचा चेहरा बघण्यासारखा झाला. "येडी झालीस का? लाखांचा बैल आहे तो! माझ्या नावानं पळतोय!"

"तुमच्या नावानं पळू द्या. जन्मला माझ्या दावणीत."

"कुणी सांगितलं आंदण होतं म्हणून? हाय का कुणी साक्षीला?"

सगळ्यांच्या नजरा आक्काकडे गेल्या. आक्का ओट्यावर बसली होती. मी मनातल्या मनात तिला शिव्याच घातल्या. ही काय बोलणार लेकाविरुद्ध! म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. पवळीकडे बघितलं, मग सुनेच्या चिंधीकडे बराच वेळ बघत राहिली.

"मांडवात आणली व्हती गाय," ती म्हणाली. "शिंगाला हळद लावून. मीच ववाळली तिला."

"आक्का!"

"मग काय खोटं बोलू? उद्या मला बी वर जायाचंय. तिचीच हाय गाय."

"आरं इक्रम," गर्दीतून एक म्हातारा मिश्कीलपणे म्हणाला, "नजर तिची हाय म्हनतोस, मग बैल बी तिचाच जाऊ दे की. तुझा बोजा तरी कमी व्हईल." आता हसले ते लोक विक्रमशेठला हसले. तेच हसू त्यांना देवऋषापेक्षा भारी पडलं. गावासमोर आंदण दाबलं म्हणवून घ्यायची त्यांची छाती नव्हती.

शालनवहिनी गोठ्यात गेल्या. दाव्याला ओढणारी माणसं आपोआप बाजूला झाली. त्यांनी दोन्ही दावी सोडली, "हो बाबा" म्हणाल्या, आणि तिघांना न जुमानणारा कापशा आधी मागचे पाय, मग तो दुखरा गुडघा सावरत उठून उभा राहिला. फरशीवरून चाचपत बाहेर आला, मातीवर पाय टेकला आणि सरळ आईच्या कुशीला जाऊन भिडला.

अंकुशनं गाडी मागे घेतली. मी म्हणाले, "गाडीत नको, पुन्हा भ्यायचा. चालत न्या." मला त्या गर्दीत करता येण्यासारखं तेवढंच उरलं होतं. पुढे शालनवहिनी, मागे पवळी, तिच्या मागे कापशा, लंगडत पण न थांबता, आणि सगळ्यात मागे कूर्मगतीनं ती रिकामी पिकअप. त्या गाडीमागून मी स्कुटीवर शिवेपर्यंत गेले. अंकुशची मान आता वर झाली होती. रस्त्याकडेच्या फ्लेक्सवरून विक्रमशेठ गॉगलमधून आम्हा सगळ्यांना बघत होते.

महिन्याभरानं मी त्यांच्या माहेरी गेले. शेतातल्या छपरात सावली होती, गारवा होता. गाय आणि बैल पाठीला पाठ लावून बसले होते, दोघांचंही रवंथ चाललं होतं. कापशाच्या मानेवरच्या चट्ट्यांवर नवे केस आले होते. गुडघ्यावर काळी, कोरडी खपली, कडेनं सुटत आलेली. मी बॅग उघडलीसुद्धा नाही.

"आता तुमचा हात," मी म्हटलं.

या वेळी शालनवहिनींनी आढेवेढे घेतले नाहीत. चिंधी नव्हती. तळहातावर नुसती एक गुलाबी रेघ उरली होती.

"मलम लावलंत वाटतं?"

"कशाचं मलम? डबी तिकडंच मेढीत ऱ्हायली. हितं आले आन आपोआप भरली बघा."

आपोआप! त्या एका शब्दानं माझं पित्त पुन्हा खवळलं. आपोआप काहीही होत नसतं, मी म्हटलं. तुमच्या अंगात पहिल्यापासून ताकद होती, ती त्या लोकांनी दीड वर्ष खाल्ली. देवऋषाला धरून आत टाकायला पाहिजे, विक्रमशेठला गावासमोर माफी मागायला लावली पाहिजे, आणि मी अर्ज करते, वर कळवते, सोडणार नाही. मी बोलत सुटले. त्या कापशाच्या गळ्याखाली खाजवत ऐकत होत्या. मग हसल्या.

"मॅडम, तुमीच सांगितलंय न्हवं? रोज आग लागली तर जखम भरत न्हाय. संताप बी आगच की."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. पुढे कापशा कधीच शर्यतीत पळाला नाही; अंकुशच्या रानात नांगराला चालायचा म्हणे. माझी बदली झाली, मधे वर्षं गेली. तो गुडघा भरला, तो हातही भरला. माझा राग मात्र अजून ओलाच आहे.